तपासणाऱ्याची सही

२ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ६.४०
टण्ण. मग जरा थांबून पुन्हा टण्ण. बादलीची कडी वर उचलायची आणि सोडून द्यायची. आम्हा भावंडांना नळावर बोलवायची आईची ही रीत. पाठोपाठ दोन शब्द, घरच्या भाषेत. अर्थ आता लक्षात नाही, पण आवाज आज झोपेतून उठताना अगदी कानाशी आला. डोळे भरून आले. उठून पाहिलं तर ही न्हाणीघरात फरशी धूत होती. असो. संकेत तो संकेतच.

सकाळी ११.००
ग्रंथालयात पाटी लागली आहे. ‘माझी घरची भाषा आणि मी’. स्वतःच्या आयुष्यावर बारा पानांचं कॉमिक काढायचं. आठ शनिवार वर्ग, मग भिंतीवर प्रदर्शन. घरची भाषा बोलताना आपली कशी त्रेधा उडते, हा विषय. नाव नोंदवून आलो. पाणीखात्यात अडतीस वर्षं आरेखक होतो, म्हणजे पेन्सिलीचा प्रश्न नाही. तिसरी ते सातवीच्या सगळ्या कविता चालीवर पाठ आहेत, म्हणजे शब्दांचाही नाही. घरची भाषा मी पासष्ट वर्षांत बोललेलो नाही, म्हणजे त्रेधाही भरपूर. माझ्याइतका लायक उमेदवार दुसरा नसेल.

हिला सांगितलं. ही म्हणाली, एकोणपन्नास वर्षांच्या संसारात त्या भाषेतला एक शब्द तुमच्या तोंडून ऐकला नाही, काढणार काय? म्हटलं, तोच तर विषय आहे. मग कोरी पानंच देऊन या, म्हणाली.

हिला कलेतलं कळत नाही.

९ फेब्रुवारी, शनिवार
पहिला वर्ग. एकूण सात जण. माझ्यानंतरचा सर्वांत वयस्कर माणूस चाळिशीचा. शिकवणाऱ्या बाई केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खोचतात आणि दर दुसऱ्या वाक्याला ‘चौकट’ म्हणतात. म्हणून त्यांचं नाव चौकटबाई ठेवलं. (मनात.)

आई काढा म्हणाल्या. काढली. बराच वेळ बघून त्यांनी हळूच विचारलं, आजोबा, ही पाण्याची टाकी आहे का? म्हटलं, हे एलिव्हेशन आहे, समोरून सरळ दिसतं तसं. अडतीस वर्षांत माणूस काढायचा प्रसंग एकच यायचा: टाकी किती उंच ते कळावं म्हणून शेजारी एक उभा करायचा. त्याला तोंड लागत नाही.

आईला तोंड द्या, म्हणाल्या.

संकल्प: रोज पाच चेहरे.

१२ फेब्रुवारी
तीन दिवसांत चौदा चेहरे. सगळे आमच्या मुख्य अभियंत्यांसारखे. हिने चहाचा कप ठेवता ठेवता ओळखलं. अगंबाई, साहेबांना पदर का दिलात, म्हणाली.

१६ फेब्रुवारी, शनिवार
पानं एक ते तीन तयार. पान दोनवर चौथीचं स्नेहसंमेलन. मी नदीवरची कविता म्हणतो आहे. हात पाठीमागे, नजर समोर. आवाज कापरा झाला, तेव्हा मागच्या रांगेतून आई उठून उभी राहिली आणि घरच्या भाषेत ओरडली. सगळी शाळा हसली. गुरुजींनी विचारलं, कोण रे त्या? मी म्हणालो, शेजारच्या आहेत.

कॉमिकमध्ये हे थोडं बदललं आहे. गुरुजी विचारतात, आणि मी खिडकीबाहेर पक्षी बघतो. पक्षी उत्तम जमला. चौकटबाई म्हणाल्या, पक्षी सुरेख आहे, पण तो इथे काय करतोय?

आईच्या तोंडाजवळचा फुगा (संवाद लिहायला काढतात तो) रिकामा सोडला आहे. ती काय ओरडली ते शब्द आठवत नाहीत. अर्थ आठवतो: मोठ्याने म्हण.

१९ फेब्रुवारी, दुपारी
पद्धत नक्की झाली. आधी सगळी चित्रं आणि सगळे फुगे रिकामे. शब्द शेवटी एकदम भरायचे. ऑफिसातही मापं शेवटीच टाकत असू.

शब्द कुठून आणायचे? थोरल्या ताईकडून. आमची भाषा बोलणारी तीच एक उरली आहे. मेहुणे गेल्यापासून ती कोणाशी बोलत असेल कोण जाणे. इथून बसने तीन तास. वय एक्याऐंशी, डोकं माझ्यापेक्षा साफ.

संकल्प: दर रविवारी ताईला फोन. दर फोनला दहा शब्द. सहा रविवार, साठ शब्द. आईचं घराबाहेरचं सगळं आयुष्य शाळेच्या भाषेतल्या आठ शब्दांवर निभलं. (किती, नको, बस, पुढे, मीठ, उद्या, सही, मुलगा.) साठ म्हणजे चंगळ.

२४ फेब्रुवारी, रविवार
फोन केला नाही. सकाळी ताई पाणी भरत असेल. तिच्या नळाला चोवीस तास पाणी असतं, पण सवय. दुपारी ती आडवी होते. संध्याकाळी या वयात फोन वाजला की माणसाच्या काळजात धस्स होतं. तिला त्रास नको म्हणून केला नाही.

तिला शेवटचा फोन कधी केला होता ते हिला विचारलं. मेहुणे गेले तेव्हा, म्हणाली. म्हणजे चार वर्षं. मला दोनच वाटत होती.

२ मार्च, शनिवार
आज वर्गात सगळ्यांत जास्त कौतुक माझं झालं. इथे सविस्तर लिहून ठेवतो.

प्रत्येक पानाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात मी टायटल ब्लॉक काढतो. सवयीने. नकाशा म्हटला की तिथे चौकोन, आणि चौकोनात ‘आरेखन’ आणि ‘तपासले’. तो नसेल तर मला पान उघडंबोडकं वाटतं. तर आरेखन: मी. आणि ‘तपासले’पुढे लिहिलं: थोरली ताई. खाली तिची सही.

सही अर्थातच मी केली. यात गैर काही नाही. आमच्या ऑफिसातले तपासनीस कायम चहाला गेलेले असत. त्यांची सही मीच करायचो, आणि त्यांच्यापेक्षा बरी करायचो. एकदा त्यांनी चुकून स्वतः केली, तर तो नकाशा वरून परत आला: सही जुळत नाही.

चौकटबाईंनी कोपरा पाहिला आणि वर्गाला थांबवलं. बघा, म्हणाल्या, आजोबा आणि त्यांच्या बहीण मिळून हे करताहेत, भाषा त्या तपासून देतात. टाळ्या पडल्या. खुलासा करणार होतो, पण टाळ्या चालू होत्या. मग बाईंनी यादीत घालायला ताईचा पत्ता मागितला. बरोबर तोच दिला. आरेखकाने चुकीचं माप टाकू नये.

घरी येताना पाय जड झाले होते. नवे बूट.

१० मार्च, रविवार. दुपारी ४.२०
फोन केला. पाच रिंग झाल्या. सहावीच्या आत ठेवला. पाच पुरेशा असतात.

४.२५
ताईने उलट फोन केला. हिने घेतला. मी खुणेने सांगितलं, अंघोळीला गेलाय म्हण. ही अर्धा तास बोलली. मी तेवढा वेळ मोरीत उभा. नंतर हिने निरोप दिला: वन्सं विचारत होत्या, दुपारी चारला कसली अंघोळ? आणि काही हवं होतं का त्याला?

ही तव्यावरची पोळी उलटताना म्हणाली, वन्संना घाबरता का हो तुम्ही? म्हटलं, आदर आणि भीती यात फरक असतो. तिने पोळी पुन्हा उलटली.

१३ मार्च
पान नऊ. मधली सेहेचाळीस वर्षं एका पानात. स्नेहसंमेलनानंतर मी आईशी शाळेच्या भाषेत बोलायला लागलो ते कायमचंच. ती तिच्या भाषेत विचारायची, मी माझ्या भाषेत उत्तर द्यायचो. जेवलास का? हो. पत्र आलं का? नाही. पोराला ताप आहे का? उतरला. सेहेचाळीस वर्षं असं चाललं, एकदाही गाडी अडली नाही. चित्रात मी दोघांमध्ये एक भिंत काढली आहे. वीट न् वीट मापात.

१६ मार्च, शनिवार
चौकटबाईंना भिंत आवडली. मग विचारलं, आजोबा, म्हणजे त्या बोलायच्या ते तुम्हाला सगळं समजत होतं?

हा प्रश्न वर्गाच्या विषयात बसत नाही. विटांची जाडी दाखवत राहिलो.

१८ मार्च
पान अकरा आणि बारा. सगळ्यांत अवघड, म्हणून आधी सगळं इथे लिहून काढतो.

एकोणीस वर्षांपूर्वी. इस्पितळ, सहा खाटांची खोली, आईची खिडकीकडची. शेवटच्या तीन दिवसांत तिचे ते आठ शब्दही गेले. उरली फक्त घरची भाषा. डॉक्टर मला विचारायचे, काय म्हणतात? मी म्हणायचो, पाणी मागते आहे. आणि पाणीच मागत असायची.

तिसऱ्या दुपारी तिने माझं मनगट धरलं आणि काहीतरी म्हणाली. मी म्हणालो, हो हो. ती पुन्हा तेच म्हणाली. मी पुन्हा हो. मग तिने मनगट सोडलं आणि डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. ताई पोचली दुपारी.

ताईने इस्पितळाच्या जिन्यातच विचारलं, शेवटी काय म्हणाली? मी म्हणालो, आई म्हणाली: सावली सरली माझी, झाड हिरवे राहू दे.

आठ-आठ अक्षरं. जिन्याच्या दोन पायऱ्यांत सुचलं. माणूस जाताना अक्षरं मोजत नाही, हे तेव्हा लक्षात आलं नाही. ताई माझ्याकडे बघत राहिली. इतकं लांब बोलली, म्हणाली. मग म्हणाली, बरं.

ती ओळ मी आईच्या फोटोखाली छापून घेतली. एक प्रत ताईला पाठवली. पुढे तिच्या घरी गेलो तेव्हा फोटो भिंतीवर होता. खालची ओळ कात्रीने कापलेली. चौकटीत बसत नसावी.

२३ मार्च, शनिवार
पान बारा पूर्ण. खाट, खिडकी, खाटेखालची बादली, सगळं मापात. आईचा चेहरा प्रथमच तिच्यासारखा आला आहे. कसा आला, सांगता येत नाही. बराच वेळ बघवलं नाही म्हणून त्यावर ट्रेसिंग पेपर घातला.

फुग्यात ती ओळ लिहिली होती. चौकटबाई म्हणाल्या, पान तीनवर या बाईंना आठ शब्द येतात आणि पान बारावर त्या कविता करतात, हे कोणाला पटेल? म्हटलं, शेवटच्या क्षणी माणूस उंची गाठतो. त्या म्हणाल्या, खरं काय म्हणाल्या त्या? म्हटलं, समजलं नाही हो, भाषाच हरवली होती ना. यावर बाईंचे डोळे पाणावले. म्हणाल्या, आजोबा, हेच तुमचं कॉमिक. मग खोडरबराने ओळ पुसली आणि म्हणाल्या, ताईंना विचारा, त्यांना माहीत असेल. मी म्हणालो, ताई सांगणारच आहे.

फुगा रिकामा. सहा सेंटिमीटर बाय चार.

२४ मार्च, रविवार
रिकामा फुगा हीच खरी कविता, असं आज अंघोळ करताना सुचलं. आई बोलते आहे, लेकाला कळत नाही. बघणारे रडतील. मीही थोडा रडलो. छान वाटलं.

फोन: नाही. आता गरजच उरली नाही.

२७ मार्च, सकाळी ११.००
एक दुरुस्ती. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, तेव्हा इथे तरी मापं बरोबर हवीत.

आई जे म्हणाली त्यात ताईचं नाव होतं. घरचं, लाडाचं. पण नाव म्हणजे काही भाषा नव्हे. नाव कोणालाही समजतं. उरलेलं समजलं नाही.

११.३०
उरलेलं म्हणजे एकच शब्द.

११.४०
तो नळावरचाच होता. बादलीची कडी वाजवली की आई ताईच्या नावाने हाक मारायची आणि म्हणायची, ये. मला वेगळं बोलावणं नसे. ताई निघाली की मी मागे. तर तेच दोन शब्द. एकोणीस वर्षांपूर्वी, खाटेवरून, माझं मनगट धरून. दोनदा.

दुपारी २.३०
फोन इस्पितळाच्या व्हरांड्याच्या टोकाला होता. बिघडलेला होता असं मी ताईला सांगितलं होतं. बिघडलेला नव्हता. मी तिथवर गेलोही होतो. पण त्या संध्याकाळी साडेसहाला ऑफिसचं स्नेहसंमेलन होतं आणि त्यात माझी जलाशयावरची कविता होती, अठरा कडव्यांची, महिनाभर घोकलेली. ताईला कळवलं असतं तर ती संध्याकाळच्या बसने आली असती. तिला आणायला स्टँडवर कोण जाणार? म्हटलं, सकाळी कळवू. आई काय, बरीच वाटत होती.

या वेळी मागच्या रांगेतून कोणी ओरडलं नाही. टाळ्या चांगल्या पडल्या.

२.४५
वरची नोंद खोडायची आहे. रबर सापडत नाही.

४.१०
रबर सापडलं. चहा झाल्यावर बघू.

३० मार्च, शनिवार
शेवटचा वर्ग. चौकटबाई आनंदाने म्हणाल्या की ज्यांनी ज्यांनी मदत केली त्या सगळ्यांना निमंत्रण आणि पानांच्या प्रती पाठवल्या. पान बारा ताईंना मुद्दाम मोठं करून पाठवलंय. सोबत त्यांनी चिठ्ठी घातली आहे: तुमचे बंधू म्हणतात की हे वाक्य फक्त तुम्हालाच माहीत आहे, तेवढा फुगा भरून द्याल का?

मी विचारलं, कधी पाठवलं? परवा. म्हटलं, तिला मोतीबिंदू आहे. म्हणून तर मोठं केलं, म्हणाल्या.

सरबतही दिलं. तसंच ठेवून आलो.

संकल्प: आजच फोन करून सगळं सांगून टाकायचं. टपाल पोचायच्या आत.

३१ मार्च, रविवार
केला नाही. टपालाआधी केला तर भिऊन केल्यासारखा दिसेल. टपालानंतर केला तर टपालामुळे केल्यासारखा. नेमकी वेळ साधायला हवी.

३ एप्रिल
ताईचा फोन नाही. म्हणजे पाकीट उघडलं नसेल. तिचा चष्मा कुठेतरी पडलेला असतो. किंवा उघडलं, आणि काही विशेष वाटलं नाही. एवढी मोठी प्रत, वर तिची सही.

तिची सही मी बघितली कधी? आईच्या कागदावर, इस्पितळात. हात थरथरत होता, तशी केली होती तिने. मी केली ती पुष्कळ सरळ आहे.

ही विचारत होती, जेवण का जात नाही. म्हटलं, प्रदर्शनाचं दडपण. हिने ताट उचललं आणि म्हणाली, बारा पानं बघितली मी तुमची काल. मी थांबलो. तर एवढंच म्हणाली, सगळीकडे एकट्या आईच बोलताहेत, तुमच्या तोंडाशी फुगाच नाही एकही.

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

५ एप्रिल
कागद घेऊन बसलो. ताईला पत्र. ‘तीर्थस्वरूप ताईस’ एवढं लिहून झालं. मग पुढचं आपोआप चालीत यायला लागलं. आठ-आठ अक्षरं. फाडलं.

६ एप्रिल, शनिवार. सकाळी ९.२०
प्रदर्शन आज अकराला. मन शांत आहे. इस्त्रीचा सदरा. चार मिनिटांचं भाषण पाठ: भाषा हरवते तेव्हा आई हरवते, वगैरे. शेवटी घसा दाटून आल्यासारखं थांबायचं. पान बाराचा फुगा रिकामाच राहणार, हा कलावंताचा निर्णय. विचारलं तर सांगायचं, ताईची तब्येत बरी नाही. उद्या रविवार. उद्या नक्की फोन.

९.५५
टण्ण.

आधी वाटलं ही फरशी धुते आहे. ही स्वयंपाकघरात होती. आवाज दाराबाहेरून आला. उघडलं.

ताई. एकटी. पहिल्या बसने आलेली. हातातला कडीचा डबा तिने खाली ठेवला होता, त्याची कडी पडली होती. काखेत गुंडाळी. तिने ती माझ्यासमोर उलगडली. पान बारा. फुगा कोरा. उजव्या कोपऱ्यात मी केलेल्या सहीवर बारीक फुली.

तिने विचारलं. आमच्या भाषेत.
“मी नव्हते तिथे. तू होतास. आई काय म्हणाली?”

मी म्हणालो, “मला समजलं नव्हतं.”

हेही मी आमच्या भाषेत म्हणालो. अख्खं वाक्य. पासष्ट वर्षांनी, न अडखळता.

ताई बघत राहिली, जिन्यात बघितलं होतं तशी.

१०.०५
चष्मा आणतो म्हणून आत आलो आहे. चष्मा डोळ्यांवरच आहे. बाहेर ही तिला म्हणते आहे, वन्सं, अशा उंबऱ्यावर काय उभ्या, या ना आत. ताईचं उत्तर इथवर ऐकू येतं आहे. हिला कळावं म्हणून शाळेच्या भाषेत.

“त्याने बोलावलं की येईन.”

दोनच तर शब्द आहेत.